वाणातली रिंग

माझ्या घरमालकांना मी माझ्याच स्वयंपाकघरात चोरी करताना पकडलं, तेव्हा त्यांच्या एका हातात माझ्या कुकरचं झाकण होतं आणि दुसऱ्या हातात त्या झाकणातली काळी रबरी रिंग. कोणीतरी मोठं माणूस वारलं म्हणून ऑफिस दुपारीच सुटलं होतं, त्यामुळे मी अवेळी घरी आले. आमच्या घराची एक किल्ली वरच्या मजल्यावर त्यांच्या बायकोकडे, काकूंकडे, असायची, कारण मी कामावर गेले की माझी पाच महिन्यांची पोर त्यांच्याजवळ असे. त्याच किल्लीने आत येऊन साठी उलटलेला, सगळ्या पाऱ्याने, म्हणजे आमच्या मोहल्ल्याने, ज्याला मान द्यावा असा हा माणूस माझ्या ओट्यापाशी उभा होता. मला पाहताच त्याने रिंग पाठीमागे लपवली.

"काका, काय करून राहिले तुम्ही?"

"काही नाही. रिंग पाहून राहिलो."

"पाठीमागे धरून?"

ओट्यावर बाजारातल्या पाकिटातली एक कोरी रिंग पडली होती. म्हणजे नुसती चोरी नव्हती, अदलाबदल होती. मी हात पुढे केला. त्यांनी रिंग पुढे धरली, पण सोडेनात.

"पोरी, हे मले देऊन टाक. काहून म्हणून विचारू नको."

मी ती त्यांच्या हातातून ओढून घेतली आणि त्यांच्यादेखत झाकणात परत बसवली. ते जिना चढून वर गेले. मी मात्र तिथेच मोरीच्या कट्ट्यावर बसून राहिले. दागिने, पैसे, नवऱ्याचं घड्याळ, सगळं घरात उघड्यावर पडलेलं असताना माणूस कुकरची रिंग चोरतो, याचा अर्थच मला लागत नव्हता.

पुढे लागला. पण तो तुमच्यापासून लपवून ठेवण्यात मला काही मजा वाटत नाही, कारण प्रकार मजेचा नव्हता. ती रिंग काकांच्याच कारखान्यात झाली होती. काकूंनी ती संक्रांतीचं वाण म्हणून पाऱ्यातल्या झाडून सगळ्या मराठी बायकांना वाटली होती. आणि ती ज्या रबराची होती ते रबर खाण्याच्या वस्तूजवळ नेण्याच्या लायकीचं नव्हतं. हे काकांना कळलं होतं. काकूंनाही कळलं होतं. ज्या आम्ही रोज त्या कुकरमध्ये वरण शिजवत होतो, त्यांनाच कळलेलं नव्हतं.

आम्ही रायपूरला आलो ते राज्य अगदी नवं असताना. नवरा रेल्वेत, आणि मी एका अशा संचालनालयात, ज्याला स्वतःची इमारतसुद्धा नव्हती. फायली आधी आल्या, कपाटं मागून आली, आणि पंखे आले तेव्हा थंडी पडली होती. भोपाळहून, बिलासपूरहून, नागपूरकडून माणसांचे लोंढे येत होते आणि घर मिळणं मुश्किल झालं होतं. घरमालक आधी तुमचं पद विचारायचे, मग भाडं सांगायचे. काकांनी पद विचारलं नाही. त्यांनी मला पायातली चप्पल काढून दाखवायला सांगितली. उलटी केली, दोन्ही टोकांनी वाकवली, टाचेत अंगठ्याचं नख रुतवून पाहिलं आणि काकूंना हाक मारली, "बाई कष्टाळू हाय व. एका बाजूनं नाही झिजवत. देऊन टाकू घर."

मला वाटलं, वेडा दिसतो. माझ्या नवऱ्याला वाटलं, घर हवेशीर आहे. आम्ही राहिलो.

शहराबाहेर उरला नावाच्या औद्योगिक वसाहतीत काकांचा एक छोटा कारखाना होता. रोलिंग मिलवाल्यांना लागणारे रबरी वॉशर, पट्टे, रोलरवर चढवायची जाड आवरणं असलं काहीबाही तिथे व्हायचं. सकाळी स्कूटरवर गोरेगोमटे जायचे आणि संध्याकाळी कोळशाच्या वखारीतून आल्यासारखे परत यायचे. रबर हा त्यांचा धंदा नव्हता, ते त्यांचं डोकं होतं. घरी आलेल्या पाहुण्यांच्या चपला दारात उलट्या पडलेल्या दिसल्या की समजायचं, काका तपासून गेले. पाऱ्यातल्या पोरांचे खोडरबर हुंगून ते सांगायचे, कोणतं विकत घेतलं आणि कोणतं वर्गातून उचललं. रबराचा तुकडा दाढेखाली धरून त्याचा कडकपणा सांगायचे. त्या नादात एक दाढ गेली होती, त्याचं त्यांना काही नव्हतं. इलास्टिकची वस्तू मात्र अंगाला लावायचे नाहीत. पायजम्याला नाडी, लेंग्याला नाडी. "इलास्टिक आळशी लोकाइले असते," म्हणायचे.

आणि एक त्यांचं ठरलेलं वाक्य होतं: "ताणून पाहा, मंग बोला." लग्नाचं स्थळ असो, नवा दूधवाला असो, नवं सरकार असो. माझा नवरा एकदा म्हणाला, "काका, आता रायपूर राजधानी झालं, चांगले दिवस येणार." काकांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "नवं हाय अजून. ताणून पाहा, मंग बोला." आम्ही खूप हसलो होतो.

पण त्यांची खरी करामत सकाळी नऊ-साडेनऊला दिसायची. त्या वेळी सगळ्या पाऱ्यातले कुकर एकदम शिट्ट्या द्यायला लागायचे. काका अंगणात डोळे मिटून उभे राहायचे आणि मधेच कोणाच्या तरी खिडकीकडे तोंड करून म्हणायचे, "सूनबाई, वाफ बाजूनं चालली. रिंग फिरवून लाव." आणि ते खरं निघायचं. रिंगा त्यांच्या हातच्या असल्यामुळे तर त्यांना प्रत्येकीचा आवाज ओळखू येई. शिट्टी मोकळी वाजली की त्यांच्या चेहऱ्यावर समाधान यायचं. मी भाजी चिरता चिरता खिडकीतून बघायचे आणि मनात म्हणायचे, काय माणूस आहे.

त्या रिंगांची गोष्ट अशी. आमच्या पाऱ्यातली मराठी घरं बहुतेक नोकरदारांची. रेल्वे, पोस्ट, बँक, आता मंत्रालय. त्यात काकू एका कारखानेवाल्याच्या, तेही काळ्या हातांच्या माणसाच्या बायको. घर स्वतःचं असलं तरी हळदीकुंकवाला त्यांना मागच्या रांगेत बसावं लागायचं, असं त्याच एकदा मला म्हणाल्या होत्या. राज्य झालं, उरला-सिलतऱ्याला कारखाने वाढले, काकांकडे कामाचा पूर आला, तेव्हा काकूंनी ठरवलं की या संक्रांतीला असं वाण लुटायचं की बायका बघतच राहतील. प्लास्टिकचे डबे, चहाच्या गाळण्या सगळ्याच देतात. काका म्हणाले, "मी तुले अशी चीज देतो जी अख्ख्या रायपुरात कोणी देऊ नाही शकत." त्यांनी कुकरच्या रिंगेचा साचा करून घेतला, लहान आणि मोठा, आणि हाताशी जो माल होता त्यातून रिंगा काढल्या.

त्या हळदीकुंकवाला मी होते. पोटात पोर होती, म्हणून काकूंनी मला भिंतीला टेकून बसवलं होतं. तिळगूळ, गव्हाच्या ओंब्या, आणि मग प्रत्येकीच्या पदरात एक काळी चकचकीत रिंग. बायका आधी हसल्या. पण पुढे सगळ्या पाऱ्यात त्या रिंगांचं नाव झालं. बाजारातली रिंग सहा महिन्यांत ढिली पडते, ही पडेचना. पहिले काही दिवस वरणाला टायरसारखा वास यायचा. काकूंनीच सांगून ठेवलं होतं, "नव्या रबराले येतेच वास. दोन डाव नुसतं पाणी उकळून फेकून द्या." आम्ही दिलं फेकून. वास गेला, किंवा आम्हाला त्याची सवय झाली. पोस्टमास्तरांच्या बायकोने तर काकूंना पुढच्या रांगेत आपल्या शेजारी जागा ठेवायला सुरुवात केली.

मी ते वरण उरलेले सगळे महिने खाल्लं. पोर झाल्यावर तिला पाजत असतानाही खाल्लं.

पावसाळ्यानंतर कधीतरी काकांच्या कारखान्यात एक बाई आली. शहराबाहेर एक दुधाचा कारखाना उभा राहत होता, तिथली ती इंजिनिअर. तिला दुधाच्या नळ्यांच्या सांध्यांत बसवायला रबरी वॉशर हवे होते. हे सगळं मला काकांनीच नंतर सांगितलं. काकांनी तिला आपलं कौशल्य दाखवायला म्हणून घरच्या वाणातली उरलेली एक रिंग पुढे ठेवली. तिने ती हुंगली आणि विचारलं, "अंकल, इसमें क्या-क्या डाला है?" काकांनी अभिमानाने सांगितलं. जुन्या टायरचं उकळून परत काढलेलं रबर, मऊ व्हायला काळं तेल, लवकर पिकून घट्ट व्हावं म्हणून अमुक पावडर, टिकावं म्हणून तमुक पावडर. मिलवाल्यांना जे देतात तेच, कसूर नाही.

"और ये खाने में लगती है?"

"खाने में नहीं बेटा. ढक्कन में लगती है."

"तो भाप कहाँ जाती है, अंकल?"

काका मला म्हणाले, "पोरी, मी उत्तर द्यायले तोंड उघडलं अन् तसाच राहिलो." वाफ वर जाते, रिंगेला लागते, थेंब होऊन झाकणावरून परत वरणात पडते. हे त्यांनी रोज पाहिलं होतं. त्या बाईने त्यांना समजावून सांगितलं की रबर काळं असलं म्हणून वाईट नसतं, कुकरची चांगली रिंगही काळी असते. त्यात काय कालवलंय त्यावर सगळं आहे. गरम वाफ, तेल, आंबट लागलं की रबरात कालवलेलं हळूहळू बाहेर येतं. म्हणून खाण्याजवळच्या रबराला वेगळा माल लागतो, तो तपासून घ्यावा लागतो. टायरचा माल, ते काळं तेल तिथे चालतच नाही. त्यातल्या काही गोष्टी शरीराला घातक आहेत, लगेच नाही कळत, वर्षांनी कळतं, किंवा कळतही नाही. रबर किती सोसतं हे काकांना ठाऊक होतं. ते काय सोडतं, हे त्यांनी उभ्या जन्मात कोणाला विचारलं नव्हतं.

त्याच दिवशी त्यांनी साचा घणाने फोडला आणि घरी येऊन काकूंना म्हणाले, "सगळ्याइले सांगून येऊ."

काकूंनी त्यांचा हात ओढून आपल्या डोक्यावर ठेवला. "माझी शपथ हाय. एक शब्द बोललात तर मी मेली म्हणून समजा. माझं वाण हाय ते. वाण कोणी वापस मागते का? लोक काय म्हणतीन, बाईनं हळदीकुंकवात विष वाटलं?" आणि वर त्यांनी स्वतःच्या कुकरची रिंग बदलायलाही नकार दिला. "मी खाऊन राहिली न? काय झालं मले?"

काका बायकोची शपथ मोडणाऱ्यातले नव्हते. मग त्यांनी तोंड बंद ठेवून हात चालवायचं ठरवलं. कोणाच्या नळाचा वॉशर गेला, कोणाची शिट्टी अडकली, की काका पिशवी घेऊन हजर. जाताना झाकणातली रिंग काढायची आणि बाजारातली बसवून यायची. पण बाजारातली ढिली बसायची, आणि ज्या बाईने आपली रिंग इतके महिने हाताळली तिला पहिल्याच दिवशी कळायचं. "ताई, माझी रिंग कोणीतरी बदलून टाकली व," असं समोरच्या घरातली तरुण सून मला हापशीवर सांगत होती, आणि मी तिला वेड्यात काढलं होतं. काहीजणी तर बाजारातली काढून काकूंकडे तक्रार घेऊन गेल्या, आणि काकूंनी, काय सांगू तुम्हाला, उरलेल्यांपैकी एकेक परत काढून दिली. नवरा दिवसभर काढत होता आणि बायको दिवसभर देत होती, एकाच घरातून, आणि संध्याकाळी दोघं एका पंक्तीला बसून त्याच कुकरमधलं वरण जेवत होती.

काकांमध्ये पडलेला फरक मी पाहिला होता, अर्थ लावला नव्हता. नऊ-साडेनऊला ते अंगणात उभे राहीनासे झाले. पहिली शिट्टी झाली की पायात चपला सरकवून तलावाकडे निघून जायचे. आधी माझ्याकडचं वरण वाटीने मागून घेणारा माणूस आता दिलं तरी नको म्हणायचा. मला वाईट वाटलं होतं. जातीपातीचं काही डोक्यात शिरलं की काय, असंही मनात येऊन गेलं. खूप नंतर मी त्यांना विचारलं तेव्हा म्हणाले, "घरी खातो न. तिच्या संगं खातोच. पण तुमच्या घरी मी खाल्लं असतं तर तुमाले वाटलं असतं, काकांनी खाल्लं, म्हणजे सगळं ठीक हाय."

त्या दुपारच्या चोरीनंतर मी नवऱ्याला म्हटलं, घर बदलू. तो म्हणाला, पोरीचं उष्टावण होऊ दे, मग पाहू. काकूंशी मी नीटच वागत होते. त्यांचा यात काय दोष, असं मला वाटत होतं.

उष्टावण दिवाळीनंतरच्या रविवारी सकाळी ठेवलं. माझी आई वर्ध्याहून आली. भावाला सुट्टी मिळाली नाही, आणि बाळाला मांडीवर घेऊन पहिला घास भरवायला मामा तर हवा. काकू म्हणाल्या, "मामाच्या जागी हे बसतीन, अन् घास मी भरवन. मीच सांभाळली न तिले?" मला ते पटलं. चोरी विसरले नव्हते, पण पोर त्या माणसाच्या खांद्यावर झोपायची, हेही खरं होतं. खीर काकू वरूनच करून आणणार होत्या. काकांना त्यांनी सकाळीच पेढे आणायला आणि सोनाराकडून चांदीची वाटी उजळून आणायला पिटाळलं होतं.

पाऱ्यातल्या बायका जमल्या. पाट मांडला, रांगोळी काढली. काका घाईने येऊन पाटावर बसले, पोर त्यांच्या मांडीवर दिली. तिला नवं झबलं घातलं होतं आणि ती काकांच्या शर्टाची गुंडी तोंडात घ्यायला बघत होती. काकू खिरीचं पातेलं घेऊन जिना उतरल्या. वाटीत खीर वाढता वाढता पोस्टमास्तरांच्या बायकोला म्हणाल्या, "तांदूळ कसा लोण्यासारखा शिजला पाहा. दोनच शिट्ट्या केल्या."

मी काकांकडे पाहत होते, कारण पोर त्यांच्याकडे होती. त्यांचा चेहरा उतरलेला मला स्पष्ट दिसला. मला वाटलं, उन्हातून आले, चक्कर येते की काय.

काकूंनी चमचा भरला, फुंकर घातली, देवाचं नाव घेतलं आणि पोरीच्या तोंडाशी नेला. काकांनी आपला तळहात तिच्या तोंडावर ठेवला.

चमचा त्यांच्या बोटांवर आपटला, खीर त्यांच्या मनगटावर सांडली. कोणी तरी हसलं. काकू म्हणाल्या, "हात काढा." त्यांनी मान हलवली. पोर हाताखाली कुरकुरायला लागली. माझी आई पुढे झाली, "अहो, हे काय करता, शुभ कार्य आहे." माझ्या नवऱ्याने त्यांचं मनगट धरलं आणि ओढायला लागला. "काका, पागल झाले का? सोडा तिला." म्हातारा माणूस, पण तो हात काही हलेना. तोंडातून एक शब्दही निघेना. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि नजर काकूंवर होती.

"शपथ हाय तुमाले," काकू हळूच म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा मान हलवली. शपथ मोडत नव्हते, हातही काढत नव्हते.

मी तोपर्यंत ओरडायला लागले होते. काय ओरडले ते आठवत नाही. पोर त्यांच्या मांडीवरून हिसकून घेतली. माझ्या डोळ्यांसमोर तो दुपारचा माणूस होता, रिंग पाठीमागे लपवणारा, आणि मला वाटलं, याला खरंच वेड लागलंय आणि आपण आपली लेक याच्या मांडीवर दिली.

काकूंनी चमचा वाटीत ठेवला. वाटी पाटावर ठेवली. मग त्या रांगोळीच्या कडेला खालीच बसल्या. "त्याइचं डोकं ठिकाणावर हाय," त्या म्हणाल्या. "माझंच नोयतं." आणि जमलेल्या सगळ्या बायकांसमोर त्यांनी सांगून टाकलं. टायर, तेल, दुधाच्या कारखान्यातली बाई, शपथ, आणि उरलेल्या रिंगा ज्या त्यांनी माहीत असूनही दिल्या त्या. काही वगळलं नाही.

एकीला ते पटलंच नाही, ती नुसती हसत राहिली. समोरच्या घरातली तरुण सून दोन्ही हात पोटावर धरून बसली होती. तिला दिवस गेले आहेत हे आम्हाला तेव्हाच कळलं. मी मनातल्या मनात महिने मागे मोजत होते. संक्रांतीपासून, पोर पोटात असल्यापासून. मी आईकडे पाहिलं, आणि माझ्या आईने, जी आयुष्यात कोणाला टाकून बोलली नव्हती, पातेलं उचललं आणि सगळी खीर मोरीत ओतली.

दुसऱ्या दिवशी काकू निघाल्या. हातात हळदीकुंकवाचं ताट, ताटात खाण्याच्या वस्तूला चालतील असा शिक्का बघून घेतलेल्या नव्या रिंगा. मागे काका, हातात रिकामी पिशवी. पहिल्या दोन घरांतून बायकांनी सांगितलं की वाण परत करत नसतात, अशुभ असतं. मला वाटलं, आता काय करतील या? काकूंनी ताट उंबऱ्यावर ठेवलं आणि पदर पसरला. "वापस नको करू. मी तुले वाण मागून राहिली. माझ्या पदरात टाक." मागितलेल्या वाणाला नाही म्हणता येत नाही. रिंगा पदरात पडायला लागल्या.

पण वाण घेतलं-दिलं की सवाष्ण सवाष्णीला कुंकू लावते, आणि काकूंना त्या दिवशी कोणी कुंकू लावलं नाही. पोस्टमास्तरांच्या बायकोने रिंग टाकली, नवी घेतली, आणि दार लोटून घेतलं. मी हे आमच्या दाराबाहेरच्या ओट्यावरून पाहत होते. प्रत्येक दारातून एकच प्रश्न काकांना विचारला जात होता, तोही ऐकू येत होता. काही होणार तर नाही ना? आणि काका प्रत्येक दाराशी तेच सांगत होते, "माहीत नाही."

सगळ्यात शेवटी ती दोघं माझ्याकडे आली. मी रिंग आधीच काढून ठेवली होती, ती पदरात टाकली. करंडा माझ्या हातात होता. "काकू, मी तुम्हाला माफ नाही करू शकत," मी म्हटलं.

"नको करू," त्या म्हणाल्या.

मी कुंकू लावलं. का लावलं हे मला आजही सांगता येत नाही. अर्धं त्यांच्या नाकावर सांडलं, आणि ते त्यांनी पुसलं नाही.

मग मी पोरीला कडेवर घेतलं आणि काकांना विचारलं, जे सगळ्यांनी विचारलं होतं तेच. "काका, हिला काही होईल का?"

काका पोरीकडे बघत राहिले. तिने त्यांच्याकडे जायला हात पुढे केले, तिला काय कळतंय. काकू न वळता हळूच म्हणाल्या, "सांगा न तिले, काही नाही होत म्हणून. एवढं तर सांगा."

त्यांचे ओठ हलले. मला दिसलं, त्यांना ते म्हणायचं होतं, आणि मला ते ऐकायचं होतं. जन्मात मला कोणाच्या तोंडून काही इतकं ऐकावंसं वाटलं नसेल.

"माहीत नाही, पोरी," ते म्हणाले, आणि पिशवी उचलून जिना चढायला लागले.

आम्ही महिन्याभरात ते घर सोडलं. माझी लेक आता नोकरी करते, धडधाकट आहे, माझ्यापेक्षा दीड वीत उंच आहे. डॉक्टर म्हणतात काही नाही, आणि नसेलही. पण तिचा साधा रक्ताचा रिपोर्ट यायचा असला की मी लॅब उघडायच्या आधीच तिच्या दारात जाऊन उभी राहते. त्या वेळी मला काकूंचा नाही, काकांचाच राग येतो. एवढा चांगला माणूस, एकदा माझ्यासाठी खोटं बोलला असता तर त्याचं काय जाणार होतं?